अर्धे नाव पंखांवर

भिंतीवरच्या दिव्यापाशी रात्री जे काही जमते त्याला आपण सरसकट ‘किडे’ म्हणतो आणि दिवा मालवून मोकळे होतो. त्या गर्दीतला एक पतंग मात्र सलग तीन रात्री दिव्यापासून वीतभर अंतरावर, जवळपास त्याच जागी बसलेला दिसला. तो तोच होता की त्याचे भाऊबंद पाळीपाळीने येत होते, हे मी शपथेवर सांगणार नाही. पण तिसऱ्या रात्री मी भिंग घेऊन स्टुलावर चढलो.

पंखांचा विस्तार 22 ते 24 मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाहून थोडा जास्त. रंग जुन्या सागवानी फळीसारखा गडद तपकिरी आणि त्यावर मधोमध एक पांढरा पट्टा, खडूने एकदाच न थांबता ओढल्यासारखा. पतंग पंख अर्धवट पसरून त्रिकोणी आकारात बसला होता, त्यामुळे पुढच्या पंखावरचा पट्टा मागच्या पंखावरच्या पट्ट्याला बरोबर जुळून एकच रेघ झाल्यासारखा दिसत होता. पुढच्या पंखाच्या टोकाकडे आणखी एक तोकडा पट्टा होता. तो पंखाच्या वरच्या कडेपासून निघून अर्ध्या वाटेतच थांबलेला. पंखांच्या झालरीत तपकिरी आणि पांढरे तुकडे आलटून पालटून, पोटावर दोऱ्याइतकी बारीक पांढरी कडी, आणि केसाहून नाजूक शृंगिका पाठीवर मागे टाकलेल्या. इतके सारे तपशील एवढ्याशा अंगावर वागवणाऱ्या जिवाला आपण आजवर ‘किडा’ या एका शब्दात गुंडाळत आलो, याची मला थोडी लाज वाटली.

नाव शोधताना मी पहिल्याच फेरीत चुकलो. या रूपाचे दोन पतंग आहेत: स्पोलाडिया रिकर्व्हॅलिस आणि हायमेनिया पर्स्पेक्टॅलिस. दोघेही क्रॅम्बिडी कुळातले, दोघेही तपकिरी आणि दोघांच्याही अंगावर पांढरी नक्षी. मी काढलेले छायाचित्र तिरके आणि हललेले होते; त्यात पट्टा अरुंद दिसला, आणि अरुंद पट्टा हे दुसऱ्याचे लक्षण असल्याने मी ठामपणे दुसऱ्याचे नाव वहीत लिहून टाकले. पुढच्या रात्री सरळ समोरून पाहिले तेव्हा पट्टा चांगला रुंद आणि सलग निघाला. हायमेनियाच्या मागच्या पंखावरच्या पट्ट्याला जो दातासारखा टोकदार कोपरा असतो, तोही इथे नव्हता. वहीतले नाव खोडावे लागले. खोडलेले नाव वहीत राहू द्यावे, त्यावर कागद चिकटवू नये, असे माझे मत त्याच दिवशी झाले.

रिकर्व्हॅलिस हे नाव 1775 साली फॅब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञाने दिले. त्यातला शेवटचा ‘अ‍ॅलिस’ हौसेचा नाही. सजीवांच्या आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1758 साली पतंगांचे गट पाडताना प्रत्येक गटाच्या नावांना एकेक शेपूट ठरवून दिले होते: पायरॅलिस गटाला ‘अ‍ॅलिस’, टॉर्ट्रिक्सला ‘आना’, टिनियाला ‘एला’. त्यामुळे नाव नुसते कानावर पडले तरी जुन्या हिशेबाने ते कोणत्या घराण्यातले, हे जाणकाराला कळते. आडनावाचा हा उपयोग मला एरवी फारसा पटत नाही, पण पतंगांच्या बाबतीत पटला.

हे सगळे मी एका जाणकार स्नेह्यांना उत्साहाने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “पंख राहू द्या. अळी कशावर वाढली ते पाहिलेत का?” मी गप्प झालो. पंखांवरचे खवले झडतात, रंग विटतात, पट्टे पुसट होतात, आणि चार रात्री उडून झिजलेल्या पतंगाची ओळख पटवणे भल्याभल्यांना जड जाते. अळीने खाल्लेले पान मात्र खोटी साक्ष देत नाही, असे त्यांचे म्हणणे. मग दिव्याखालचा मुक्काम हलवून मी भर दुपारी तणात वाकून बसू लागलो.

कुंपणालगत काटेमाठ माजला होता. त्याच्या काही पानांवर फिकट, जवळजवळ पारदर्शक खिडक्या पडल्या होत्या. पान उलटले तर खालच्या बाजूचा हिरवा गर खरवडून खाल्लेला, वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक आणि कडेला रेशमाच्या धाग्यांचे विरळ जाळे. त्या जाळ्यामागे सेंटिमीटरभर लांबीची अळी होती. तिचे अंग इतके पारदर्शक, की पाठीच्या मध्यावरून जाणारी गडद हिरवी रेघ म्हणजे तिच्या पोटातले अन्नच असल्याचे दिसत होते. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढरी रेषा. बोटाचा धक्का लागताच ती जोरजोराने वळवळली आणि धाग्याला लोंबकळत खाली उतरली. जवळच घोळ होती आणि जमिनीलगत पसरलेला विषखापराही होता. या पतंगाच्या खाद्यवनस्पतींत त्या दोघांचीही नोंद आहे. शिवाय माठ, राजगिरा, कुरडू, पालक आणि बीट.

ही यादी वाचताना पालक आणि बीट एकीकडे, माठ आणि कुरडू दुसरीकडे अशी दोन कुळे असल्याचे मी पूर्वी शिकलो होतो. वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1998 साली ही दोन कुळे एकत्र केली. अळी त्यांत फरक करीत नव्हतीच. विषखापरा आणि घोळ यांची कुळे वेगळी असली तरी गण, म्हणजे कुळांच्या वरचा गट, तोच, आणि या साऱ्या वनस्पतींचे आणखी एक साम्य आहे. बीटाचा किंवा तांबड्या माठाच्या देठाचा रंग ज्यामुळे येतो ते द्रव्य म्हणजे बीटालेन. जांभळापासून जास्वंदीपर्यंत इतरत्र दिसणारी तांबडी-जांभळी छटा अँथोसायनिन या निराळ्या द्रव्याची असते, आणि ही दोन्ही द्रव्ये एकाच वनस्पतीत कधी एकत्र आढळत नाहीत. अळी रंग पाहून पान निवडते असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरलेला बरा. तरीही एवढ्या पसरट यादीतून एक तांबूस धागा जातो, हे पाहून मला त्या दिवशी फार आनंद झाला.

मी चार अळ्या बरणीत ठेवल्या. तळाशी बोटभर माती, तोंडाला मलमलीचा तुकडा, आत काटेमाठाची पाने आणि गंमत म्हणून जास्वंदीचे एक कोवळे पान. सकाळी माठाच्या पानांची चाळणी झालेली असे आणि जास्वंद जशीच्या तशी. सातव्या दिवशी मात्र एका अळीने खाणे सोडले, तिचे हिरवे अंग गुलाबीसर झाले आणि ती चालत चालत नेमकी जास्वंदीच्या पानाखाली जाऊन बसली. तिथे तिने चार धागेही ओढले. बरणीची हकीगत ठाऊक नसलेल्या कोणी त्या क्षणी ती पाहिली असती, तर ‘जास्वंदीवर आढळली’ अशी नोंद प्रामाणिकपणे केली असती, आणि दोन याद्यांनंतर तिचे ‘जास्वंद खाते’ होऊन गेले असते. कोषात जायच्या आधी अळी झाड सोडून भटकते. ती जिथे बसलेली दिसली ते तिचे जेवणाचे पान असतेच असे नाही. माझ्या वहीत आता त्यासाठी दोन रकाने आहेत: ‘दिसली’ आणि ‘खाताना दिसली’. दुसरा रकाना बहुतेक रिकामाच असतो.

ती अळी संध्याकाळी मातीत उतरली आणि मातीचे कण जुळवून तिने कोष केला. त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी मलमलीच्या आतल्या बाजूला पतंग बसलेला होता. त्याचे पंख अजून कोणी न हाताळलेले, पट्टा रुंद, सलग, बिनदाताचा. मी बरणी काटेमाठापाशी नेऊन तोंड उघडले. तो हातभर उंच उडाला, लगेच खाली आला आणि एका पानाच्या खालच्या बाजूला शिरला. पान उलटून पाहावे की नाही, याचा विचार करत मी थोडा वेळ तिथेच बसून राहिलो.