पाईनवुड डर्बी: वजन मागे टाकलंत ना, आता पुढचं चाक बघा

जानेवारी आला की इथल्या मराठी आईबाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय, पाईनवुड डर्बी, आणि त्यातही एकच प्रश्न, टंगस्टन (गाडीचं वजन वाढवायचा जड धातू) किती घ्यायचं आणि कुठे बसवायचं. अमेरिकेत पोरं कब स्काउटमध्ये, म्हणजे स्काउटच्या लहान मुलांच्या शाखेत, गेली की हा डबा घरी येतोच, ७ इंची पाईनचा ठोकळा, चार प्लास्टिकची चाकं आणि एक्सल म्हणून चार खिळे, त्याची गाडी करायची आणि उतारावरून सोडायची, बस, इंजिन नाही की ढकलणं नाही. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचमध्ये डॉन मर्फी यांनी हे सुरू केलं, कारण त्यांचा दहा वर्षांचा मुलगा सोप बॉक्स डर्बीसाठी (मुलं स्वतः आत बसून उतारावरून बिनइंजिनाची गाडी चालवतात ती शर्यत) लहान पडत होता. (आता ही रेस पोरांची कमी आणि इंजिनिअर बापांची जास्त झालीये, पण तो वाद इथे नको.)

तर वजन. मर्यादा ५ औंस, म्हणजे १४१.७ ग्रॅम, आणि तिथपर्यंत जायचंच, कारण हवेचा अडथळा सगळ्यांना सारखाच पण हलक्या गाडीकडे तो कापायला ऊर्जा कमी. वजन मागे का, तर सुटायच्या आधी गाडीचं नाक तिला अडवणाऱ्या पिनला टेकलेलं असतं आणि शेपूट उतारावर वर असते, म्हणून भार जितका मागे तितका तो उंचावर. टंगस्टनची घनता १९ च्या वर आहे, शिशाची ११ च्या आसपास, म्हणून मागच्या एक्सलजवळच्या एवढ्याशा जागेत ते मावतं. शिवाय शिसं पोरांच्या हातात कशाला द्यायचं.

पण फायदा नक्की किती? मी एकदा हिशोब मांडला. सुरुवातीची उंची ४ फूट, उतार ३० अंशांचा धरला आणि वजनाचा मध्य २ इंच मागे सरकवला तर तो वर जातो जेमतेम १ इंच, म्हणजे ऊर्जा साधारण २ टक्के जास्त, वेग १ टक्का जास्त, आणि ४२ फुटी ट्रॅकच्या शेवटी हा फरक निघतो अंदाजे ४ इंच, जेमतेम अर्धी गाडी. आता ४ इंचांनी रेस जिंकतात हे मान्य, पण गाडी जर ट्रॅकच्या मधल्या पट्टीला (चाकं हिच्या दोन बाजूंनी धावतात) डावीकडे उजवीकडे आपटत खाली आली तर ते ४ इंच कधीच गेले. आणि वजन अति मागे गेलं की पुढची चाकं हलकी पडतात आणि आपटणं अजून वाढतं! म्हणून चाकंबिकं बसवून गाडी फुटपट्टीच्या कडेवर तोलून बघा, तोलाचा बिंदू मागच्या एक्सलच्या पाऊण ते एक इंच पुढे आला की पुरे. ट्रॅकचे जोड खडबडीत असतील तर एक इंचच ठेवा, हावरटपणा नको.

खरी मजा पुढच्या चाकात आहे. सरळ जाणारी गाडी सर्वात फास्ट असं आपल्याला वाटतं, पण अगदी सरळ गाडी शेवटपर्यंत सरळ राहतच नाही. त्यापेक्षा ती मुद्दाम एका बाजूला किंचित ओढणारी करायची. पुढचं एकच चाक टेकवायचं, दुसरं जरासं उचललेलं (हे तुमच्या पॅकच्या, म्हणजे स्काउट गटाच्या, नियमात बसतं का ते आधी बघा), आणि डावं टेकलेलं असेल तर गाडी उजवीकडे ओढली पाहिजे, म्हणजे त्या चाकाची आतली कड पट्टीला हलकेच लागून राहते आणि मागची चाकं पट्टीला न शिवता मुकाट मागे येतात.

आमच्याकडे डायनिंग टेबलवर एक लांब फळी असते, एका टोकाखाली दोन पुस्तकं आणि मधोमध मास्किंग टेपची रेघ. टेकलेल्या पुढच्या चाकाचा खिळा किंचित वाकवलेला असतो, म्हणजे तो फिरवला की चाकाची दिशा बदलते, आणि त्याच्या डोक्यावर करवतीने खाच पाडलेली असते, त्यात स्क्रूड्रायव्हर घालून लेक खिळा केसभर फिरवते, गाडी सोडते, बघते, परत फिरवते. चार फुटांत तीन-चार इंच सरकली की थांबायचं. तिला हे रंगकामापेक्षा जास्त आवडतं, आणि हे पोरांना खरंच जमतं, करवतीसारखं मोठ्यांवर सोडावं लागत नाही.

खिळ्यांचं थोडक्यात. डोक्याखाली साच्याची कड उठलेली असते ती कानशीने काढा, मग खिळा ड्रिलमध्ये फिरवत ४०० पासून चढत्या नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, आरशासारखा दिसेपर्यंत. मग कॅरमला पावडर टाकतो तसं ग्राफाईट, चाकाच्या भोकात टाका आणि चाक फिरवत राहा. त्यानंतर गाडी फरशीवर पळवायला कुणालाही देऊ नका, धाकट्याला तर नाहीच.

आणि चेक-इनचा, म्हणजे रेसआधी गाडी तोलतात तो, काटा घरच्या काट्याशी जुळेलच असं नाही, म्हणून गाडीच्या पोटाला छोटा खळगा ठेवा आणि टंगस्टनची पुट्टी सोबत न्या, कमी भरलं तर चिकटवायची, जास्त भरलं तर नखाने काढायची. नाहीतर दरवर्षी काही बाबा लोक तिथेच कोपऱ्यात ड्रिल काढून ठोकळ्याला भोकं पाडत बसलेले दिसतात, आणि तो सगळा भुसा जाऊन बसतो नेमका ग्राफाईट लावलेल्या एक्सलवर.