जिप्सीचे फिल्टर आणि नट-बोल्ट: नाव सांगू नका, नंबर सांगा

शोरूममध्ये मारुती सुझुकीची नवी जिप्सी मिळायची बंद झाली त्याला आता काही वर्षं झाली. तरी ताडोबातल्या सफारीत आणि सह्याद्रीच्या कच्च्या रस्त्यांवर ती अजून रोज राबते आहे. तिचे सुटे भाग मिळत नाहीत ही ओरड अर्धीच खरी आहे. पत्रा, काचा, आतलं प्लास्टिक यांची मारामार आहे हे मान्य. पण फिल्टर आणि नट-बोल्ट मिळतात, आणि स्वस्तातही मिळतात. काउंटरवर नुसतं "जिप्सीचा द्या" म्हटलं की दुकानदार अंदाजाने काहीतरी काढून देतो, आणि तिथेच पैसे वाया जातात.

सुझुकीच्या पार्ट नंबरमधले पहिले पाच आकडे भागाचा प्रकार सांगतात. १६५१० म्हणजे ऑइल फिल्टर, १३७८० म्हणजे एअर फिल्टरचा एलिमेंट (डब्यातला बदलायचा भाग), १५४१० म्हणजे पेट्रोल फिल्टर. पुढचे आकडे तो भाग कुठल्या गाडीचा, कुठल्या इंजिनाचा ते ठरवतात. जुना भाग फेकण्याआधी पूर्ण नंबराचा फोटो काढून ठेवा. कंपनीने मधल्या काळात नंबर बदलला असेल, तर जुन्यावरून नवा काउंटरवरच शोधून मिळतो.

१२९८ सीसीची एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनची, जिप्सी असेल तर आणखी एक सोय आहे. तिचं जी१३बीबी इंजिन एस्टीममध्येही होतं. त्यामुळे "जिप्सीचा नाही" असं उत्तर मिळालं, तर एस्टीमचा ऑइल फिल्टर काढायला सांगा आणि नंबर जुळवा. एअर फिल्टरला मात्र हा नियम लावू नका. एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं. हवेचा डबा आणि नळ्या वेगळ्या आहेत.

ऑइल फिल्टर नामांकित कंपनीचा असेल तर 'ओरिजिनल'चा हट्ट धरायची गरज नाही. आतली रबरी झडप बोटाने दाबून बघा. ती मऊ हवी आणि सगळीकडून बसलेली हवी. झडप कडक असली की इंजिन बंद असताना तेल खाली उतरतं आणि सकाळी सुरू करताना ऑइलचा लाल दिवा जास्त वेळ जळत राहतो. बसवताना जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना ते नक्की पाहा. दोन रिंगा एकावर एक आल्या तर दाबाने सगळं तेल बाहेर पडतं. नव्या रिंगेला तेलाचं बोट लावा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि तिथून पाऊण फेरा.

एअर फिल्टरवर मात्र काटकसर नको. बारीक धूळ आत गेली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासले जातात, आणि तो खर्च कित्येक फिल्टरांच्या किमतीएवढा होतो. स्वस्त एलिमेंटमध्ये कागदापेक्षा कडेचं रबर जास्त दगा देतं. जुना आणि नवा शेजारी ठेवून व्हर्नियरने लांबी, रुंदी आणि कडेची जाडी मोजा. रबर मिलिमीटरभर पातळ असलं तरी झाकण दाबूनही फट राहते. बसवल्यावर शे-दोनशे किलोमीटर धुळीत चालवा आणि फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या, नळीत आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर, त्याची कड किंवा नळीचा क्लिप यांपैकी काहीतरी गळतंय. हवा मारून साफ करायचा असेल तर आतून बाहेर, कमी दाबाने, नोझल लांब धरून. कागदाला भोक पडलं की तो फिल्टर संपला. अंधारात बॅटरी आत धरून ते दिसतं.

पेट्रोल फिल्टरबाबत एक चूक वारंवार होते: कार्ब्युरेटरच्या गाडीचा पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर एमपीएफआयला लावतात. इंजेक्शनच्या लाइनमध्ये दाब खूप जास्त असतो. प्लास्टिक फुटलं तर पेट्रोल थेट गरम इंजिनापर्यंत जातं. इथे धातूचाच फिल्टर, इंजेक्शनसाठीचीच होज आणि गोल कडेचा क्लॅम्प. उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे दाब उतरतो. बँजो बोल्ट (आतून पेट्रोल जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवे घ्या.

नट-बोल्टांमध्ये सगळा घोळ आट्यांचा आहे. हार्डवेअरच्या दुकानात १० मिमीचा बोल्ट मागितला की तो १.५ पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं मिमीतलं अंतर) येतो, १२ मिमीचा १.७५ चा. जिप्सीला बहुतेक ठिकाणी १.२५ पिच लागतो. चुकीचा बोल्ट दोन फेरे गोड जातो, मग अडतो, आणि पान्याने रेटला की आतले आटे मरतात. डोक्याचं मापही वेगळं असतं: जपानी पद्धतीत ८ मिमीच्या बोल्टला १२ चा पाना, १० ला १४ चा, १२ ला १७ चा, दुकानी बोल्टला बहुधा १३, १६ किंवा १७, आणि १८ किंवा १९. थ्रेड गेज, म्हणजे आटे मोजायच्या पट्ट्या, जवळ ठेवा, किंवा गाडीचाच एक नट घेऊन जा आणि तो नव्या बोल्टवर शेवटपर्यंत हाताने फिरतो का ते बघा.

डोक्यावर ७ असा आकडा असेल तिथे ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा) बोल्ट घ्या. गंजत नाही म्हणून सस्पेन्शनला स्टेनलेस लावू नका. नेहमीचा ए२-७० स्टेनलेस ८.८ पेक्षा कमजोर असतो आणि त्याचे आटे एकमेकांत जाम होतात. नंबरप्लेट, मडफ्लॅपला तो उत्तम. ८.८ च्या साध्या पिचच्या बोल्टला टॉर्क, म्हणजे कसायचा जोर, साधारण असा: ८ मिमीला २५ न्यूटन-मीटर, १० ला ५०, १२ ला ८५. हा कोरड्या आट्यांचा हिशेब आहे. ग्रीस लावून तेवढाच कसला तर बोल्ट ताणला जातो.

चाकाचे नट १२ बाय १.२५ आहेत. इतर अनेक गाड्यांना १२ बाय १.५ लागतात, म्हणून दुकानात तेच पुढे येतात. पाट्यांचे यू-बोल्ट एकदा काढले की नवेच लावा, कारण जुने ताणलेले असतात. आळीपाळीने तिरके कसा आणि काही दिवस कच्च्या रस्त्यावर चालवून पुन्हा तपासा. शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या पट्टीचे) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे कसायचे. जॅकवर कसले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि लवकर फाटतात.

मुंबईत बोल्टांसाठी नागदेवी स्ट्रीट, पुण्यात सुट्या भागांसाठी नाना पेठ. टीव्हीएस किंवा अनब्राकोचे बोल्ट सुटे मिळतात, पूर्ण डबा घ्यावा लागत नाही. एका फेरीतच गाडीतला डबा भरून टाका: १.२५ पिचचे १० मिमीचे सहा बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, सैल न होणारे) दुप्पट, चाकाचे चार नट, सम्पच्या प्लगचे (इंजिन ऑइल सोडायच्या बुचाचे) दोन वायसर, होज क्लॅम्प चार, आणि एक सीलबंद एअर फिल्टर.