चारशे नव्वद वेळा

स्मरणिकेसाठी काहीतरी गोड लिहून पाठव असा मेसेज आला, पण मला शाळा म्हटलं की आधी आठवतो तो कामठीहून ट्रेनने येणारा आमचा एक वर्गमित्र. नाव नाही लिहीत. बोलताना अडखळायचा, 'प' आला की गाडी पार थांबायचीच. मधल्या सुट्टीत मी त्याची नक्कल करायचो, आणि खोटं काय बोलू, जमायची पण भारी. सगळे पोट्टे खो खो हसायचे, तोही हसायचा, म्हणून आम्हाला वाटायचं याला चालतं.

बायबलच्या तासाला सर दुसरा गाल पुढे करायचं शिकवत होते तर मागून कोणीतरी म्हणालं, म्हणजे गुमान मार खायचा ना सर. सरांनी योहानाचा १८वा अध्याय काढला. प्रमुख याजकापुढे एक शिपाई येशूला थप्पड मारतो, तेव्हा येशू सरळ विचारतो, माझं चुकलं असेल तर दाखव, नाहीतर मारतोस कशाला? उलटून मारलं नाही पण गप्पही बसला नाही, सर म्हणाले, आणि बघत होते माझ्याकडे.

तास संपल्यावर सरांनी मला व्हरांड्यात एकट्याला गाठलं. मत्तय १८ मध्ये पायऱ्या आहेत म्हणे, आधी एकट्याला सांगायचं, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जायचं, तरी नाही तर मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या लोकांसमोर. "ही पहिली. दुसरीला तुझे बाबा असतील." मी म्हटलं, मस्करी होती सर. "ते त्याला ठरवू दे ना."

आता माझी मुलगी नववीत आहे. एका मुलाने तिच्या फोटोचे स्टिकर बनवून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवले, ती त्या मुलाशी एकटी बोलली तर त्याने अजून एक टाकला. मग आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील म्हणाले, "मस्करी होती हो भाऊ, तुम्ही तर मिशनच्या शाळेतले, माफ करा ना." हो, सत्तर गुणिले सात वेळा माफ कर असं येशू सांगतो, आम्ही वर्गात ४९० हिशोब करून ४९१व्यांदा काय करायचं तेही विचारलं होतं. पण ती ओवी २२वी, पायऱ्या १५ ते १७, त्याच अध्यायात, आधी. स्क्रीनशॉटच्या प्रिंट काढून तिच्या शाळेत देऊन आलो.

स्मरणिकेच्या ग्रुपमुळे कामठीवाल्याचा नंबर मिळालाय. तीनदा टाइप केलं, तीनदा डिलीट.