देवळाच्या मागे काय शे?

आमच्याकडे फिरायला जाणं म्हणजे देवाला जाणं. मी धुळ्यात वाढलो, त्यामुळे लहानपणीच्या सहली म्हणजे पाटणादेवी, मनुदेवी, पद्मालयचा गणपती, सारंगखेड्याचा दत्त आणि मामाच्या गाडीत जागा असली तर चांगदेवचं देऊळ. पहाटे निघायचं, डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा, नारळ फोडायचा, आईने ओटी भरायची, झाडाखाली बसून जेवायचं आणि लगेच "चला, उशीर व्हतो". देवळाच्या मागे पायवाट दिसली आणि मी विचारलं की तिकडे काय आहे, तर आईचं ठरलेलं अहिराणी उत्तर, "तठे काय शे? वांदरे शेतस." म्हणजे, तिथे काय आहे? माकडं आहेत.

हे उत्तर मी वीस-बावीस वर्षं खरं मानलं, आणि नंतर पुण्यात नोकरीला लागल्यावर शनिवार-रविवार ट्रॅफिकमध्ये अडकून लोणावळ्याला जाऊन भजी खात बसलो.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात घरी गेलो तेव्हा मावसभाऊ म्हणाला, जिभाऊ चल, पाटणादेवीला जाऊन येऊ, पण यावेळी देवळाच्या पुढे. बाईकवर निघालो. चाळीसगावच्या आधी पंक्चर, पंक्चरवाला जेवायला घरी गेलेला, त्याची वाट बघत एक तास टपरीवर गेला तो गेलाच. चाळीसगावात स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे कलादालन आहे, तेही बघून घेतलं. टेबलटॉप फोटोग्राफीत, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून फोटो काढण्यात, मोठं नाव झालेला हा माणूस आयुष्याची कितीतरी वर्षं घराबाहेर जवळपास पडलाच नाही. फिरायला निघालेल्या दोघांनी पहिला मुक्काम अशा माणसाकडे करावा, याचं आम्हाला बराच वेळ हसू येत होतं.

पाटणादेवी चाळीसगावपासून अर्ध्या-पाऊण तासावर. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि ऐन पावसाळ्यात इतकं हिरवं की हा आपला खानदेश आहे यावर विश्वास बसत नाही, कारण मे महिन्यात आम्ही ४५ डिग्रीत भाजून निघालेले लोक. हे सगळं गौताळा औट्रामघाट अभयारण्यात येतं, १९८६ मध्ये जाहीर झालेलं. ह्यातला औट्राम म्हणजे खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी, कन्नडच्या घाटाला त्याचंच नाव आहे.

आणि देवळातला तो शिलालेख! लहानपणी मी त्याच्या बाजूने किती वेळा चप्पल शोधत पळालो असेन. गणिती भास्कराचार्य, ज्यांनी ११५० साली, वयाच्या ३६ व्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी लिहिला, त्यांचा नातू चांगदेव. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला आणि त्याला राजाकडून दान मिळालं, ते या शिलालेखात कोरलंय, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं. बहुतेक सगळा संस्कृत, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत, त्याही हिशोबाच्या, म्हणजे बाजारातल्या मालावरचा कर मठाला आणि तेलघाण्याचं अमुक माप तेल मठाला. संस्कृतात स्तुती आणि व्यवहाराचं आलं की मराठी, हे मला फार आवडलं. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. भास्कराचार्यांचं गाव नक्की कोणतं यावर वाद आहेत, ते अभ्यासकांनी बघावं, पण त्यांचं गणित शिकवणारी शाळा इथे होती हे दगडातच लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी पितळखोऱ्याची लेणी. जंगलातून चढून जाणारेही असतात, पण पावसात दगडांवर शेवाळ असतं आणि आम्ही दोघंही पोट सुटलेले, म्हणून घाट चढून कन्नडच्या बाजूने गेलो. वर पठारावर गाडी लावायची आणि पायऱ्या उतरत दरीत जायचं. जिल्हा कागदोपत्री संभाजीनगर, पण खाली दिसतं ते सगळं खानदेश. १४ लेणी, सुरुवातीची इसवीसनापूर्वीची, अजिंठ्यातल्या जुन्यातल्या जुन्या लेण्यांच्या बरोबरीची. जोत्यावर हत्तींची रांग, दाराशी दोन द्वारपाल, आणि समोर ओढा एवढा जोरात की एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. इथे सापडलेली एक यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तिच्या हातावर कोरलंय की ही कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली. भाऊ लगेच म्हणाला, बघ, जळगावच्या सराफांचा पूर्वज.

तिथे आम्ही सोडून फक्त एक कुटुंब होतं. अजिंठ्याला तिकीटाची रांग, आणि इथे हे!

तेव्हापासून खूळच लागलं. तोरणमाळला गेलो, शहाद्याहून सात पायरीचा घाट चढताना कानात दडे बसतात, वर साडेअकराशे मीटर उंचीवर यशवंत तलाव, आणि डिसेंबरात पहाटे अशी थंडी की जॅकेट घालूनही शेकोटी सोडवेना. तिथेही लोक महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेला येतात, एरवी सीताखाईच्या कड्यावर आपण आणि वारा. अस्तंबा राहिलाय अजून. धनत्रयोदशीला अश्वत्थाम्याच्या यात्रेसाठी लोक रात्रभर डोंगर चढतात, ते मात्र माझ्या गुडघ्यांना विचारून ठरवावं लागेल.

मागच्या श्रावणात आईला घेऊन परत पाटणादेवीला गेलो. ओटी झाली, ती चपला घालायला निघाली तर तिला शिलालेखापाशी थांबवलं आणि तेलघाण्याचं सगळं समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे मास्तरले पगार तेलमा भेटे का?"

मी हो म्हणालो. नंतर देवळामागच्या पायवाटेने ओढ्यापर्यंत गेलो, ती पाण्यात पाय सोडून बसली आणि तिथूनच मावशीला फोन लावला, नेटवर्क येत-जात होतं तरी पाच मिनिटं मास्तरांच्या तेलाचंच बोलत होती. वांदरे होतीच, आमचा अर्धा डबा त्यांनीच खाल्ला.