माकडिणींची वही

माकडांचा विषय निघाला की गोव्यातल्या आमच्या सावईवेऱ्यात सगळे मोठ्या नराबद्दलच बोलतात. नारळ कसा पाडला, कुत्र्यावर कसा धावून गेला. पन्नासेक वर्षांपूर्वी बरेचसे संशोधकही तसंच करायचे: जे नजरेत भरलं ते टिपलं. आणि मारामारी तर हमखास नजरेत भरते.

प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासक जीन आल्टमन मुळात गणिताच्या. १९७१ साली त्यांनी आणि त्यांचे पती स्टुअर्ट यांनी केनियातल्या अंबोसेलीत बबूनांचा, म्हणजे आफ्रिकेतल्या मोठ्या माकडांचा, दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. १९७४ च्या एका लेखात जीनबाईंनी पद्धत घालून दिली: कुणाला बघायचं ते आधी ठरवा, ठरलेला वेळ त्याच्यावरून नजर काढू नका, ते करेल ते सगळं लिहा. शेजारी मारामारी जुंपली तरी.

कुळागरात, म्हणजे आमच्या बागायतीत, पोफळींना पाणी सोडलं की मी हेच करते. परवा उजव्या कानाला खाच असलेली एक माकडीण निवडली. एक म्हातारी तिची पाठ साफ करत होती. केस बोटांनी बाजूला सारायचे, खालची कातडी निरखायची, सापडलं ते ओठांनी टिपायचं. वर फणसावर दोन नरांनी कल्लोळ मांडलेला. या दोघींनी मानही वर केली नाही. थोड्या वेळाने पाठ म्हातारीची, बोटं हिची. मध्येच पिल्लू येऊन दूध पिऊन गेलं.

अंबोसेलीच्या वह्या अशाच नोंदींनी भरल्यात. जोन सिल्क, सुसन आल्बर्ट्स आणि आल्टमन यांनी सोळा वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडला: ज्या माद्या इतरांत जास्त मिसळतात, त्यांची पिल्लं वर्षाची होईपर्यंत जगण्याची शक्यता जास्त. मग त्या मादीचा कळपातला मान मोठा असो की लहान. हे वाचलं तेव्हा मला अगदी भरून आलं.

अंबोसेलीचे बबून वेगळे, आपली माकडं वेगळी, हे खरंच. पण दोन्हींकडे माद्या जन्मल्या कळपातच राहतात, वयात आल्यावर बाहेर पडतात ते नर. कळप धरून ठेवतात त्या आया, मुली, मावश्या.

म्हणूनच नारळांच्या नुकसानीवर बोलताना कुणी ‘तो मोठा नर पकडून न्या’ म्हणालं, की मला राहवत नाही. त्याच्या जागी दुसरा येईल, माद्या इथेच राहतील. आधी माद्या किती, पिल्लं किती, रोज कुठल्या वाटेने येतात हे लिहून काढूया. माझी वही आहेच. प्रत्येक वाड्यावरून एकेक जण पुढे आला तरी याच पावसाळ्यात सुरुवात करता येईल.