बेंचाकडं जरा कॅमेरा फिरवा

आमचा धंदा काय म्हणून कुणी विचारलं की आई अजूनही "शूटिंगचा" असंच सांगते. ते चुकीचं नाही. २०११ साली सांगली जिल्ह्यातल्या विट्यात गाळा घेतला तो लग्नाच्या शूटिंगसाठीच. आज आमच्या ईको गाडीच्या मागं 'कबड्डी, खो-खो, कुस्ती, क्रिकेट, बैलगाडी शर्यत : थेट प्रक्षेपण' असं लिहिलंय, आणि त्याखाली बारक्या अक्षरात 'लग्नाच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील'. ती खालची ओळ पुसायची हिंमत अजून झालेली नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि सीडी न्यायला येणारी माणसं मोबाईलवरच व्हिडिओ मागायला लागली. पुढच्या वर्षी तालुक्याच्या शालेय कबड्डी स्पर्धेत भाचा खेळणार होता. म्हटलं, लाइव्ह करून बघू. सकाळी आठला मैदानावर पोचलो, स्टँड रोवला, यूट्यूबचं बटण दाबलं आणि तेव्हा कळलं की खात्यावर पहिल्यांदा लाइव्ह चालू करायला २४ तासांपर्यंत थांबावं लागतं. कुणाचा दोष नाही, मीच आधी बघितलं नव्हतं. तोवर भाच्याचा संघ हरून घरी जाऊन झोपलाही. दुसऱ्या दिवशीचा अंतिम सामना मात्र लाइव्ह गेला. बघणारे अकरा. त्यातले दोघं मीच, दोन मोबाईलवर.

उरलेल्या नऊ जणांतले बहुतेक केरळ आणि तमिळनाडूतले निघाले. आमच्या भागातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा तो धंदा. केरळपासून पंजाबपर्यंत सराफ बाजारात शोधलं तर आमच्याकडचा माणूस सापडतोच. गावाला येतो तो जत्रेला नाहीतर दिवाळीला. शालेय स्पर्धा असतात पावसाळ्याच्या शेवटाकडं, तेव्हा तो भट्टीपुढं असतो आणि पोरगं आजी-आजोबांकडं राहून इथल्या शाळेत खेळत असतं. आमचा प्रेक्षक मैदानावर नव्हताच कधी.

हे कळायला मला तीन वर्षं लागली. तोवर मी चित्रालाच धंदा समजत होतो. कॅमेरा बदलला, दुसरा घेतला. कॅमेऱ्यापासून गाडीपर्यंत एचडीएमआयची वायर पंधरा मीटरच्या पुढं गेली की चित्र मधेच काळं व्हायचं. शेवटी गावातल्या केबलवाल्यानं शहाणं केलं. एसडीआय कन्व्हर्टर (चित्र लांब पोचवणारी डबी) घे म्हणाला, मग टीव्हीच्या केबलसारखी साधी गोल वायर मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पळव. आजही त्याच वायरी आहेत. दोनदा ट्रॅक्टरखाली गेल्या, एकदा शेळीनं खाल्ली.

नेटवर्कचं दुखणं वेगळंच. सकाळी सातला रिकाम्या मैदानावर तपासलं तर सगळं झकास. दुपारी अंतिम सामन्याला गर्दी झाली की तेवढेच मोबाईल त्याच टॉवरवर चढतात आणि आमचं प्रक्षेपण चाक फिरवत बसतं. म्हणून सकाळच्या तपासणीवर आता विश्वास ठेवत नाही. तीन कंपन्यांची सिम ठेवतो, आणि चित्राचा दर्जा ७२० च्या, म्हणजे फुल एचडीच्या खालच्या पायरीच्या, वर नेत नाही. गिऱ्हाईक 'फुल एचडी' मागतं, आम्ही हो म्हणतो. 

खो-खोसारखा दगा कुठल्याच खेळानं दिला नाही. आठ जण रांगेत बसलेले, एक तोंड इकडं, एक तिकडं. नववा पळतोय आणि तीन संरक्षक त्यांच्यातून नागमोडी निसटतायत. जमिनीवरून शूट केलं तर बसलेल्यांची डोकी तेवढी दिसतात. कॅमेरा उंचावरच हवा. म्हणून आयोजकांना आमची पहिली मागणी जेवणाची नसते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची असते.

आवाजाची बाजू गुरुजींनी सांभाळली. ते निवृत्त क्रीडाशिक्षक, बाळ ज. पंडितांचं आकाशवाणीवरचं मराठी समालोचन ऐकत वाढलेले. पहिल्या दिवशी त्यांनी माईक हातात घेतला आणि "निदान रेषा ओलांडली" म्हणाले. (चढाईला गेलेल्यानं समोरच्या अंगणात ओलांडायचीच असते ती रेषा.) आमचा कॅमेऱ्यावरचा पोरगा हळूच म्हणाला, "गुरुजी, आता बॉकलाइन म्हणतात." गुरुजींनी माईक बंद न करता उत्तर दिलं, "तुझ्या जन्माआधीपास्नं ती निदान रेषाच हाय." तेवढा तुकडा लोकांनी सामन्यापेक्षा जास्त फिरवला. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाल्यापासून तीन किंवा कमी जणांनी चढाईवाल्याला पकडलं की पोरं 'सुपर टॅकल' म्हणतात, गुरुजी 'अव्वल पकड' म्हणतात. दोन्ही चालतं. ३० सेकंदांच्या चढाईत तिसरा शब्द शोधायला सवड नसते.

२०२० मध्ये मैदानं बंद पडली आणि लग्नं ५० माणसांवर आली. आम्ही त्या वर्षात तगलो ते उरलेल्या पाहुण्यांना मोबाईलवर अक्षता दाखवून. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदीत अडकलेल्या बैलगाडी शर्यतीला वाट मोकळी केली आणि मग खरा पैसा दिसला. शर्यतीच्या एका दिवसाचं बिल शालेय स्पर्धांच्या अख्ख्या हंगामापेक्षा मोठं. जोखीमही तशीच. एका मैदानावर निशाणावर, म्हणजे शेवटच्या रेषेवर, दोन गाड्या एकदम आल्या, झेंडा पंचानं आमच्याकडं बोट दाखवलं आणि निम्मं मैदान ईकोभोवती गोळा झालं. लॅपटॉपवर चित्र थांबवून थांबवून दाखवलं. हरलेल्या गाडीमालकानं निकाल मानला, आम्हाला मानलं नाही. घरी पोचलो तेव्हा मागची काच नव्हती.

बायको तेव्हापासून विचारते, की पैसा शर्यतीत आहे तर शाळांच्या मैदानांवर डिझेल का जाळता? (गाडी पेट्रोलची आहे, पण मुद्दा बरोबर आहे.) शाळा काय देणार? चहा, पोहे, एक श्रीफळ. त्याचं उत्तर एका फोनमध्ये आहे.

मुलांचा १७ वर्षांखालचा कबड्डीचा सामना होता. पूर्वार्धात फोन आला, नंबर ओळखीचा नाही. "भाऊ, तुमचं लाइव्ह बघतोय, त्रिशूरवरनं. माझा पोरगा बी त्या संघात हाय." मी म्हटलं, कितवा नंबर? "न्हाई, तो खेळत न्हाई. बेंचवर बसलाय. जरा तिकडं कॅमेरा फिरवा की." मधल्या पाच मिनिटांत मी जाहिरात लावतो, सिमेंटच्या दुकानाची. त्या दिवशी ती लावली नाही. कॅमेरा राखीव खेळाडूंवरून हळूहळू नेला आणि गुरुजींनी न सांगता प्रत्येकाचं नाव, गाव आणि वडील काय करतात ते सांगितलं. त्या पोराचं नाव आलं तेव्हा फोन चालूच होता. पण प्रक्षेपण मैदानाच्या पंचवीस-तीस सेकंद मागं असतं. तिकडं नुसतं थांबलेलं. मग मागून भट्टीच्या पंख्याचा आवाज, आणि "आला, आला, बघा" असं दुकानातल्या कुणाला तरी सांगणं.

त्या आठवड्यात त्याच शहरातून नऊ गलाईवाल्यांनी मिळून पैसे पाठवले. शालेय स्पर्धांचं आमचं गणित तेव्हापासून असंच चालतं: शाळेकडून श्रीफळ, पेट्रोल परमुलखातून. बेंचवर कॅमेरा फिरवणं हा नियम झाला, तालुका असो की विभाग. सिमेंटवाल्याला वेगळी वेळ दिली.

तो पोराचा बाप दिवाळीला आला आणि थेट गाळ्यावर. सोबत पोरगा, हातात केळ्याच्या वेफर्सचा पुडा. तो सामना पेनड्राइव्हवर पाहिजे म्हणाला, पोराच्या आजीला मोठ्या टीव्हीवर दाखवायचा आहे. मी चॅनेल उघडलं. व्हिडिओ नव्हता. मध्यंतरात आयोजकांच्या डीजेनं सिनेमाचं गाणं लावलं होतं, कॉपीराइटचा दावा येऊन अख्खा सामनाच बंद झाला होता. हलगी असती तर कुणी विचारलंही नसतं. कॅमेऱ्याचं कार्ड? ते पुढच्या आठवड्यातल्या लग्नासाठी मी स्वतः पुसलं होतं.

"असू द्या," म्हणाला, आणि वेफर्स ठेवून गेला. 

आता गाळ्यात लोखंडी कपाट आहे. त्यात हार्ड डिस्कांवर तालुका आणि वर्ष लिहिलेल्या पट्ट्या चिकटवल्यात. आयोजकांच्या डीजेची वायर सामना चालू असताना आमच्या मिक्सरला लागत नाही, आणि मध्यंतरात डीजे वाजलाच तर गुरुजी आमचे मैदानाकडचे माईक बंद करून स्वतःच्या माईकवर नावं वाचायला घेतात. शालेय सामने आम्ही पुसत नाही. लग्नं पुसतो, नवरा-नवरीनं पेनड्राइव्ह नेऊन सहा महिने झाले की.