३१२ कौलं

"किती सुंदर पोर्तुगीज घर आहे ना!" असं मी मैत्रिणीला म्हटलं आणि मेस्तमामांनी ओठाशी नेलेला कप खाली ठेवला.

"हें पोर्तुगेजांचें न्हय गो बाय. हें म्हज्या बापायन बांदलां."

मामा कधी चिडत नाहीत. लहानपणी त्यांचा रंधा मी नारळ सोलायला नेला होता, तेव्हाही चिडले नव्हते. त्यामुळे मला काय बोलावं सुचेना. मैत्रीण उगीच भिंतीकडे बघत बसली.

चूक माझी होती, पण मुळात ती आदल्या दोन रात्रींची होती. उत्तर गोव्यात, बार्देशात एका 'हेरिटेज' होमस्टेमध्ये आम्ही राहिलो होतो. रात्रीचे साडेसहा हजार, न्हाणीघराच्या दाराची मूठ हातात येत होती आणि मालक दर वाक्यात दोनदा 'पोर्तुगीज' म्हणत होता. ऐकून ऐकून तोंडी बसलं. बाकी त्या दोन दिवसांबद्दल लिहावं असं काही नाही. किनाऱ्यावर गर्दी होती, मासे महाग होते.

तिसऱ्या दिवशी फोंड्याहून मडगावच्या बसमध्ये चढलो. "फुडें वचात, फुडें वचात" करत कंडक्टरने आम्हाला ड्रायव्हरच्या मांडीवर बसवायचंच बाकी ठेवलं होतं. बोरीला उतरलो. आजोळचं घर आणि मामांचं घर यांच्यामध्ये एक गडगा आणि एक बिंबलाचं झाड, एवढंच अंतर. मामा सुतार. गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात, म्हणून आम्हा भाचरांचे ते मेस्तमामा. वय आता पंचाहत्तरच्या आसपास.

कप परत उचलल्यावर त्यांनी आम्हाला उठवलं आणि घर दाखवायला सुरुवात केली. म्हणजे शिक्षाच होती ती. भिंतीला हात लावायला लावला. खाली चिरे, वर माती. माती साधी नाही, वारुळाची, त्यात कापलेलं गवत घालून पायांनी तुडवलेली. एक थर घालायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा, आणि सगळं पावसाच्या आत उरकायचं. तुडवणाऱ्यांत दहा-अकरा वर्षांचे मामाही होते. वरचा गिलावा खुब्यांच्या शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याचा, त्यात गुळाचं पाणी. दारं फणसाची. ती मात्र मामांनी स्वतः, पुढे मोठेपणी केलेली. फणसाचं लाकूड आधी हळदीसारखं पिवळं असतं आणि वर्षं जातील तसं चहाच्या रंगावर जातं. वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. चौकटींत खिळा नाही, लाकडाच्याच खुंट्या आहेत. देवघरासमोर वर माटोळीची चौकट वर्षभर रिकामी टांगलेली असते, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तिच्यावर रानफळं चढतात.

एका खिडकीला काचेऐवजी शिंपल्याची तावदानं आहेत, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवलेली. आत दुधासारखा उजेड येतो. पूर्वी हे शिंपले इथेच, जुवारी नदीच्या मुखाजवळ नावशीला मिळत. ही खिडकी साष्टीतल्या, म्हणजे मडगावकडच्या, एका पडक्या बंगल्यातून विकत आणलेली. मी हळूच म्हटलं, "मामा, ही तरी पोर्तुगीज?"

"जनेल भायलें. दोरी म्हजी," ते म्हणाले. खिडकीची दोरी त्यांनी नवीन लावली होती.

मला मनातून हसू आलं, कारण खिडकीला ते 'जनेल' म्हणाले, खुर्चीला 'कदेल' म्हणतात, आणि 'मेस्त' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज 'मेस्त्र'वरूनच आलाय. हे मी बोलले नाही. एका दिवसात एकदाच ओरडा खायचा असतो. तरी दुसरी चूक केलीच. अंगणात कौलांची चळत होती. वरच्या कौलावर ठसा होता: बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. मी म्हटलं, "म्हणजे घर दीडशे वर्षांपेक्षा जुनं!"

मामांनी कौल माझ्या हातात दिलं. "वाच. दोळे आसात न्हय?" मग मराठीत, कारण मराठी ते भजनात आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळातल्या प्राथमिक शाळेत शिकले: "हे साल कारखान्याचं. मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते. घराचं साल कौलावर असतं का?" अर्ध्या गोव्यात पर्यटक हे साल वाचून घराचं वय सांगतात म्हणे. मामा खूप हसले. राग गेला.

घराचं साल त्यांनी वेगळ्या पद्धतीने सांगितलं: "पूल उडाला त्याच्या आदल्या चवथीला आम्ही आत आलो."

म्हणजे १९६१. त्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा पोर्तुगीजांनी माघार घेताना वाटेतले पूल उडवले, त्यात बोरीचाही. तो आवाज झाला तेव्हा मामा नव्या घरात आईच्या कुशीत होते. आईला वाटलं छप्पर आलं खाली. ती मुलांना घेऊन माडांत पळाली. पहाटे सगळे परत आले. रस्त्यावर माणसं जमलेली, कुणी म्हणतंय फिरंगी गेले, कुणी म्हणतंय अजून आहेत. आणि मामांचे वडील शिडी लावून छपरावर कौलं मोजत होते.

"सगळी मोजली?"

"एकूय फुटलें ना," मामा म्हणाले. एकही फुटलं नव्हतं. पंचाहत्तरीतला माणूस, पण हे सांगताना चेहरा अकरा वर्षांच्या पोराचा.

मग सैन्य पूल नसताना जुवारी उतरून पलीकडे रायला कसं गेलं ते सांगितलं. आणि त्याच श्वासात, जणू गेल्या आठवड्यातली गोष्ट, त्याच रायहून कामाक्षी देवी नदी ओलांडून इकडे शिरोड्याला कशी आली तेही. साष्टीत देवळं पाडली जात होती, अंत्रूज, म्हणजे हा फोंड्याकडचा भाग, तेव्हा आदिलशहाकडे, म्हणून देव या काठाला आले. हे सोळाव्या शतकातलं. मामांच्या सांगण्यात देवी इकडे येते आणि शिपाई तिकडे जातात, मधली चारशे वर्षं नाहीतच. त्यांच्या आईने हे दोन्ही याच वसरीवर सांगितलं होतं, तांदूळ निवडता निवडता, त्यामुळे त्यांना ते जोडीनेच आठवतं.

चहा संपल्यावर मी गडग्यापलीकडे गेले. जाणं भाग होतं. आमच्या घराचं आता जोतं उरलंय आणि पुढचा सोपो, ज्यावर आजी संध्याकाळी बसायची. मधे रान. भिंती तर कुणी पाडल्यासारख्याही दिसत नाहीत. पाण्यात साखर जावी तशा गेल्यात.

"कौल फुटलें म्हणटकच घर मेलें," मागून मामा म्हणाले. मातीच्या भिंतीला छप्पर असेल तर ती शंभर वर्षं उभी राहते. वरून धार लागली की दोन पावसाळे पुरतात.

आता कबुलीच द्यायची तर अशी. आजी गेल्यावर कितीतरी वर्षं दर उन्हाळ्यात मामाच आमच्या छपरावर चढून कौलं चाळायचे. पैसे कधी घेतले नाहीत. मग गुडघे गेले. त्यांनी मला पुण्याला फोन केला, "बाय, यंदा मला चढवणार नाही, कुणीतरी बघ." मी ऑफिसात होते. म्हटलं, "बघते." पुढच्या वर्षी पुन्हा फोन आला. तेव्हाही बघते म्हटलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी केला नाही आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.

निघताना मामा आतून एक शाळकरी वही घेऊन आले. आमचं छप्पर बसलं तेव्हा चांगली राहिलेली कौलं त्यांनी उतरवून स्वतःच्या मागच्या पडवीवर घातली होती. मोजून. ३१२ कौलं, जुन्या कौलाचा तेव्हाचा दर आठ रुपये, एकूण २,४९६. खाली तारीख. वहीत पाचशेच्या पाच नोटा.

मी हात मागे घेतला. मामा दुसऱ्यांदा चिडले.

"मागीर तुज्या आजयेक हांव कितें सांगूं?"

घेतल्या. मग ते तसेच उभे राहिले. मला कळेना आता काय.

"चार रुपया परत."

पर्समध्ये पाचाचं नाणं होतं. ते घेऊन मामा आत गेले, बराच वेळ खुडबुड केली आणि एक रुपया आणून माझ्या हातावर ठेवला.